वेदी आणि नोंदवही

इंग्लंडांतील नॉर्विच शहराच्या कडेला ईटन नांवाची एक पॅरिश आहे. इ. स. १९०७ च्या सुमारास तेथील पाळक कॅनन थॉम्पसन यांनीं आपल्याच पॅरिशींतील एका गृहस्थास प्रभुभोजन देण्याचें नाकारलें. त्या गृहस्थाचा दोष एवढाच होता कीं, पहिली पत्नी वारल्यानंतर त्यानें तिच्या बहिणीशीं विवाह केला होता. महाराष्ट्रांतील श्रोत्यास यांत दोष तो कोणता, असाच प्रश्न पडेल. पोरक्या झालेल्या लेंकरांस परक्या घरच्या सावत्र आईऐवजीं मावशीच आई म्हणून मिळावी, या हेतूनें येथील वडीलधारी मंडळी असा संबंध आपण होऊन जुळवून आणीत. परंतु इंग्लंडांतील धर्मपीठानें लेवीय पुस्तकाचा अर्थ लावून हा विवाह निषिद्ध ठरविला होता, आणि १८३५ च्या कायद्यापासून तो अगदींच रद्दबातल मानला जाऊं लागला. हा निर्बंध काढून टाकण्याचें बिल १८४२ पासून पार्लमेंटपुढें वारंवार येत राहिलें आणि वारंवार पडत राहिलें. अखेरीस १९०७ सालीं तें संमत झालें. असें लग्न लावण्यास जो पाळक नकार देईल त्यास त्याबद्दल शिक्षा होणार नाहीं, अशी तरतूदहि त्यांतच केलेली होती.

कॅनन थॉम्पसन यांचें म्हणणें असें कीं, राज्यसत्तेनें त्यास विवाह म्हटलें तरी देवाच्या दृष्टीनें तो विवाह नव्हे. सबब हा मनुष्य उघड उघड पापांत राहणारा असून वेदीजवळ येण्यास अपात्र आहे. प्रकरण धर्मन्यायालयांतून निघालें तें चढत चढत १९१२ सालीं लॉर्ड्स सभेपर्यंत पोहोंचलें, आणि तेथेंहि कॅननसाहेबांच्या विरुद्ध निकाल झाला. त्यांनीं स्वतःच्या हातानें तें लग्न लावावें अशी सक्ति त्यांच्यावर कोणी केली नव्हती. परंतु कायद्यानें जें लग्न खरें ठरविलें तें करणाऱ्यास, केवळ तेवढ्याच कारणासाठीं, कुप्रसिद्ध पापी म्हणून परत पाठविण्याचा अधिकार मात्र त्यांस नव्हता.

हा जुना खटला आठवण्याचें कारण असें कीं, पुरुषाचा पुरुषाशीं व स्त्रीचा स्त्रीशीं विवाह कायदेशीर करण्याचा प्रश्न पुढें त्याच देशांत निघाला, तेव्हां वादांतील बहुतेक शब्द याच खटल्यांतून उचलल्यासारखे ऐकूं आले. श्रद्धावान मनुष्य विचारी: जें शास्त्रानें पाप म्हटलें त्यास मीं पुण्य कोणत्या तोंडानें म्हणावें? जोडपें विचारी: दुसऱ्याच्या शास्त्रापायीं आमचा संसार बेवारशी कां ठरावा? पहिल्या प्रश्नास निव्वळ द्वेष म्हणून झिडकारणें उथळपणाचें होईल. पिढ्यान्‌पिढ्या ज्या ग्रंथापुढें मस्तक नमविलें त्यांतील वचन कोणी सहज पुसून टाकीत नाहीं. तथापि दोन्ही प्रश्नांचें वजन सारखें आहे असेंहि नाहीं. तीस वर्षें एका छपराखालीं काढल्यावर जोडीदार रुग्णालयांत पडला असतां ‘आपण यांचे कोण?’ असें ज्यास विचारलें जातें, आणि मृत्यूनंतर राहत्या घराच्या वारसांत ज्याचें नांवच निघत नाहीं, त्याची हानि शेजाऱ्याच्या मनास लागलेल्या बोचेपेक्षां फार मोठी आहे.

इंग्लंडचें उदाहरण येथें विशेष बोधक ठरतें, कारण तेथें धर्म आणि राज्य यांची गांठ फार जुनी आहे. राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च प्रशासक असतो, आणि त्या चर्चचे २६ बिशप पिढ्यान्‌पिढ्या लॉर्ड्स सभेंत बसत आले. १७५३ च्या कायद्यानें तर असें ठरविलें होतें कीं, या चर्चच्या पाळकानें लावलेलें लग्न तेंच लग्न. सूट मिळाली ती ज्यू आणि क्वेकर या दोन पंथांस. रोमन कॅथॉलिक असो, बॅप्टिस्ट असो कीं कोणताच धर्म न मानणारा असो, लग्न करावयाचें तर त्यास याच वेदीपुढें उभें राहणें भाग होतें.

ही कोंडी १८३६ च्या कायद्यानें फुटली. १ जुलै १८३७ पासून इतर पंथांच्या नोंदलेल्या उपासनामंदिरांत, आणि त्याचप्रमाणें रजिस्ट्रारच्या कचेरींत विवाह होऊं लागले. मात्र या दुसऱ्या दारानें आंत जाणाऱ्यास थोडा अपमान सोसावा लागे. त्याच्या लग्नाची नोटीस गरिबांच्या पोषणाची व्यवस्था पाहणाऱ्या पालकमंडळाच्या बैठकींत वाचली जाई. जणूं लग्न करणें ही धर्मादायाची मागणी होती. ती चाल १८५६ सालीं बंद झाली. कचेरींतील विवाहांत कोणताहि धर्मविधि होतां कामा नये, हा नियम मात्र पुढें टिकून राहिला. अशा रीतीनें दोन दारें स्पष्ट वेगळीं झालीं. एकामागें वेदी, दुसऱ्यामागें नोंदवही.

या दोन दारांचा उपयोग पुढें राजघराण्यासहि करावा लागला. ९ एप्रिल २००५ रोजीं युवराज चार्ल्स आणि कॅमिला यांचा विवाह विंडसरच्या नगरभवनांत रजिस्ट्रारपुढें झाला. दोघेहि घटस्फोटित, आणि कॅमिलांचे पूर्वीचे पति हयात. म्हणून वेदीचा मार्ग अडचणीचा होता. तें आटोपल्यावर तीं दोघें सेंट जॉर्जच्या प्रार्थनामंदिरांत गेलीं व तेथें आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनीं त्यांच्यासाठीं प्रार्थना केली. जो पुरुष २०२२ सालीं राजा होऊन त्या चर्चचा सर्वोच्च प्रशासक व्हावयाचा होता, त्याच्याच लग्नाची नोंद सरकारी वहींत आणि प्रार्थना देवघरांत, अशी वांटणी झाली. कोणाचीहि श्रद्धा त्यामुळें बुडाली नाहीं.

समलिंगी जोडप्यांकरितां प्रथम २००४ सालीं ‘नागरी भागीदारी’चा कायदा झाला. त्यानें विवाहाचे बहुतेक हक्क दिले, विवाह हें नांव तेवढें दिलें नाहीं. पूर्ण विवाहाचें बिल २०१३ च्या फेब्रुवारींत कॉमन्स सभेंत दुसऱ्या वाचनास आलें, तेव्हां ४०० मतें अनुकूल व १७५ प्रतिकूल पडलीं. १७ जुलै २०१३ रोजीं त्यास राजसंमति मिळाली, आणि २९ मार्च २०१४ रोजीं इंग्लंड व वेल्समध्यें पहिले विवाह लागले.

या कायद्यांतील खरी गोम मात्र मतदानांत नाहीं. ती पॅरिशच्या पाळकाच्या एका जुन्या कर्तव्यांत आहे. आपल्या पॅरिशींत राहणारा कोणीहि मनुष्य, मग तो रविवारीं प्रार्थनेस येवो वा न येवो, लग्नासाठीं आला तर त्याचें लग्न लावून देणें हें चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकाचें कायदेशीर कर्तव्य होय. कॅथॉलिक पाद्री किंवा यहुदी रब्बी यांच्यावर असें बंधन नाहीं. ते आपल्या पंथाबाहेरच्यास सरळ नकार देऊं शकतात. म्हणजे समलिंगी विवाह नुसता कायदेशीर केला असता, तर हें कर्तव्य आपोआप त्या विवाहासहि लागू होऊन पाळकाची मान अडकली असती. शिवाय त्या चर्चचे नियम हे देशाच्या कायद्याचाच भाग मानले जातात, आणि विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचें आजन्म ऐक्य, असें त्यांतील एका नियमांत लिहिलेलें आहे. राजाच्या एका कायद्यानें राजाच्याच दुसऱ्या कायद्याशीं भांडावें, असा तो प्रसंग होता.

त्यावर उपाय योजला तो लोकांच्या तोंडीं ‘चार कुलुपें’ या नांवानें झाला. कोणत्याहि धर्मसंस्थेवर वा धर्मगुरूवर असें लग्न लावण्याची सक्ति नाहीं. संस्थेच्या अधिकारी मंडळानें आपण होऊन संमति दिल्याखेरीज तिच्या मंदिरांत असें लग्न लागूंच शकत नाहीं. नकार देणाऱ्यावर समानतेच्या कायद्याखालीं दावा चालत नाहीं. आणि चौथें, चर्च ऑफ इंग्लंड व चर्च इन वेल्स यांना पाळकाच्या त्या कर्तव्यांतून या विवाहापुरतें मोकळें करून, त्यांचे नियम जसेच्या तसे राखले. हें चौथें कुलूप त्या चर्चमधल्याच कित्येकांस रुचलें नाहीं; आपण न मागतां आपल्या दारावर सरकारनें कुलूप ठोकावें, हें त्यांस खटकलें.

परंतु कुलूप बंद करतां येतें तसें उघडतांहि येतें, ही गोष्ट या वादांत पुष्कळांच्या ध्यानांतून निसटते. क्वेकर पंथानें २००९ सालीं यॉर्क येथें भरलेल्या आपल्या वार्षिक सभेंत असा निर्णय घेतला होता कीं, समलिंगी जोडप्यांचे विवाह इतरांप्रमाणेंच लावावे आणि कायदा तसा बदलावा. त्यांचा हा निर्णय धर्म सोडून केलेला नव्हता. मौन उपासनेंत दीर्घ चिंतन करून, देवाची इच्छा हीच, अशा निश्चयानें तो केलेला होता. तरी कायदा त्यांस आडवा येत होता. २००४ च्या कायद्यानें तर धर्ममंदिरांत नागरी भागीदारीची नोंद करण्यासच बंदी केली होती. ती लॉर्ड वहीद अली यांनीं आणलेल्या दुरुस्तीनें पुढें उठली. म्हणजे २०१४ पूर्वीं धर्मस्वातंत्र्याचा संकोच कोणाचा होत होता? नकार देणाऱ्याचा नव्हे, होकार देऊं पाहणाऱ्याचा. १७५३ सालीं ज्या पंथास आपल्या विवेकबुद्धीप्रमाणें लग्नें लावण्याची सूट मिळाली होती, त्यानेंच २६० वर्षांनीं ती सूट आणखी एका प्रकारच्या जोडप्यास उपयोगीं पडावी म्हणून मागितली. उदारमतवादी यहुदी व युनिटेरियन हेहि त्यांच्या पंक्तीस बसले.

वेदीपुरता प्रश्न असा बराचसा सुटला. नोंदवहीच्या टेबलाशीं मात्र एक कठीण प्रकरण उभें राहिलें. लंडनच्या इझलिंग्टन भागांत एक श्रद्धाळू ख्रिस्ती बाई विवाहनोंदणीचें काम करीत होत्या. त्या कामावर लागल्या तेव्हां नागरी भागीदारीचा कायदाच अस्तित्वांत नव्हता. कायदा झाल्यावर त्यांनीं प्रथम सहकाऱ्यांशीं आपसांत पाळ्या बदलून निभावून नेलें. पण त्याच कचेरींतील दोघां समलिंगी सहकाऱ्यांनीं तक्रार केली कीं, आमच्यासारख्यांची नोंद करणें म्हणजे पाप, असा अर्थ आम्हांस रोज सोसावा लागतो. कौन्सिलनें बाईंस सूट नाकारली. खालच्या न्यायाधिकरणांत त्या जिंकल्या, वर हरल्या. शेवटीं स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेंहि जानेवारी २०१३ मध्यें पांच विरुद्ध दोन मतांनीं निकाल त्यांच्या विरुद्ध दिला.

हा निकाल कठोर वाटतो, आणि कांहीं अंशीं तो कठोर आहेहि. टेबलाशीं आलेल्या जोडप्यास कळूंहि नये अशा बेतानें पाळ्यांची अदलाबदल होत असेल, तर शहाण्या वरिष्ठानें ती चालूं द्यावी, असेंच कोणीहि म्हणेल. दोघां भिन्नमत न्यायाधीशांनाहि बाईंच्या विवेकाचा असा मान राखला जावा, असेंच वाटलें. पण सवलत निराळी आणि हक्क निराळा. कॅथॉलिक श्रद्धेप्रमाणें घटस्फोटितांचा पुनर्विवाह हा विवाहच नव्हे. तरी तशा जोडप्याची नोंद करतांना कॅथॉलिक कारकून आपल्या पोपची अवज्ञा करीत नाहीं, तो केवळ राज्याच्या वतीनें एक घटना लिहून घेतो. त्याच्या सहीचा अर्थ ‘मला हें मान्य आहे’ असा नसून ‘हें माझ्यासमक्ष घडलें’ एवढाच असतो. हा भेद ज्याच्या मनांत पक्का झाला, त्यास टेबलाशीं बसणें सोपें जातें. ज्याच्या मनांत तो बसत नाहीं, त्यास कोणत्याहि न्यायालयाचा निकाल समाधान देणार नाहीं. नेदरलंड्समध्यें १ एप्रिल २००१ पासून, जगांत सर्वांत प्रथम, असे विवाह सुरू झाले. तेथें नकार देणाऱ्या अधिकाऱ्यांस बरींच वर्षें निभावून घेतलें गेलें, आणि २०१४ सालीं कायदा झाला तो नव्या नेमणुकांपुरता.

दुकानदार व खाणावळवाले यांचा प्रश्न आणखी निराळा. कॉर्नवॉलमधील एका लहान हॉटेलाच्या ख्रिस्ती मालकांनीं २००८ सालीं दोघां पुरुषांस दुहेरी पलंगाची खोली नाकारली. ते दोघे कायदेशीर नागरी भागीदार होते. अविवाहित स्त्रीपुरुषांसहि आम्ही अशी खोली देत नाहीं, असें मालकांचें म्हणणें होतें व तें खरेंहि होतें. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं मालकांस दोषी धरलें. पुढें २०१४ सालीं बेलफास्टच्या एका बेकरीनें समलिंगी विवाहास पाठिंबा देणारें वाक्य लिहिलेला केक करून देण्याचें नाकारलें. केकची किंमत ३६ पौंड ५० पेन्स, आणि खटला चालला चार वर्षें! २०१८ सालीं त्याच सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें बेकरीच्या बाजूनें निकाल दिला. गंमत अशी कीं, दोन्ही प्रकरणांत मुख्य निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायाधीश एकच, लेडी हेल. त्यांत विसंगति नाहीं. हॉटेलवाल्यांनीं माणूस परत पाठविला होता. बेकरीवाल्यांनीं माणूस परत पाठविला नव्हता, तें वाक्य स्वतःच्या हातानें लिहिण्याचें तेवढें नाकारलें होतें, आणि तें वाक्य दुसऱ्या कोणीहि लिहावयास सांगितलें असतें तरी त्यांनीं नाकारलेंच असतें.

असो. एवढ्यानें सर्वांचें समाधान झालें असें म्हणतां येत नाहीं, कारण कांहीं माणसें दोन्ही बाजूंस एकदमच उभीं असतात. समलिंगी मनुष्य स्वतःच श्रद्धावान असेल तर त्यानें काय करावें? कॅनन जेरेमी पेंबरटन या पाळकांनीं २०१४ च्या एप्रिलमध्यें एका पुरुषाशीं विवाह केला. विवाह कायदेशीर, पण चर्चच्या शिस्तीच्या विरुद्ध. त्यांस एका सरकारी रुग्णालयांत धर्मोपदेशकाची जागा मिळाली होती. बिशपनीं परवाना नाकारल्यामुळें ती हातची गेली. २०१८ सालीं अपील न्यायालयानेंहि, हा धर्मसंस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे, असें ठरविलें. मरणोन्मुख रोग्याच्या उशाशीं बसून प्रार्थना म्हणावयास त्यांच्या विवाहानें काय अडथळा आला असता, हें सामान्य मनुष्यास समजणें कठीण आहे. परंतु राज्यानें आंत शिरून तो अडथळा दूर करावा, तर ज्या कुलुपांनीं दोन्ही पक्षांस संरक्षण दिलें तींच मोडावीं लागतील. हें दुखणें त्या चर्चलाच आंतून बरें करावें लागेल. १७ डिसेंबर २०२३ पासून तेथें नेहमींच्या उपासनेंत समलिंगी जोडप्यांसाठीं आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणण्यास मोकळीक मिळाली, लग्न लावण्यास नाहीं. योगायोग असा कीं, दुसऱ्याच दिवशीं रोमहूनहि, विधीविना आणि लग्नाचा भास होऊं न देतां, अशा जोडप्यांस आशीर्वाद देण्याची मुभा जाहीर झाली.

मेथॉडिस्ट चर्चनें मात्र याहून धीट आणि जास्त प्रामाणिक मार्ग काढला. जून २०२१ च्या त्यांच्या परिषदेनें २५४ विरुद्ध ४६ मतांनीं असे विवाह आपल्या मंदिरांत होऊं देण्याचें ठरविलें. पण त्याबरोबरच, विवाह एक पुरुष व एक स्त्री यांचाच असतो असें मानणारे, आणि कोणत्याहि दोन व्यक्तींचा असूं शकतो असें मानणारे, हे दोघेहि एकाच चर्चचे सन्मान्य सभासद राहतील, असेंहि लिहून ठेवलें. ज्या पाळकाचें मन घेत नाहीं त्यानें असें लग्न लावूं नये, आणि प्रत्येक मंदिराच्या विश्वस्तांनीं आपल्यापुरता निर्णय घ्यावा, अशी व्यवस्था झाली. एकाच गांवांत शेजारशेजारच्या दोन मंदिरांत दोन रीति. बाहेरून पाहणाऱ्यास हा गोंधळ वाटेल. ज्यांना पुढेंहि एकाच मेजावर भाकर मोडून खावयाची आहे, त्यांनीं तो समजून उमजून पत्करला आहे.

हीं दोन दारें हिंदुस्थानांतहि इंग्रजी अमलांतच बसलीं. १८७२ च्या तिसऱ्या कायद्यानें नोंदणीचें दार उघडलें, पण उंबरठ्यावर एक विचित्र अट ठेवली: आपण हिंदु, ख्रिस्ती, यहुदी, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकीं कोणीहि नाहीं, असें प्रतिज्ञेवर सांगितल्याखेरीज प्रवेश नाहीं. नोंदवहींत नांव पाहिजे तर वेदी सोडून या, असाच तिचा अर्थ. १९२३ सालीं सर हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती ती अट सैल झाली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें ती सर्वांसाठींच नाहींशी झाली. तेव्हांपासून कोणत्याहि श्रद्धेचा मनुष्य आपली श्रद्धा खिशांत न लपवितां रजिस्ट्रारपुढें उभा राहूं शकतो.

२०२३ सालीं समलिंगी जोडपीं दिल्लींत सर्वोच्च न्यायालयापुढें आलीं तेव्हां वाद चालला तो याच दारापुरता. धर्मांचे वैयक्तिक कायदे न्यायालयानें आरंभींच बाजूस ठेवले होते. तरीहि विरोधांत कांहीं धर्मसंस्था उभ्या राहिल्याच. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं पांचहि न्यायाधीशांनीं विवाहाचा मूलभूत हक्क घटनेंत नाहीं असें सांगितलें. निदान अशा सहजीवनास कांहीं कायदेशीर मान्यता असावी, या मुद्द्यावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ति कौल हे दोघे एका बाजूस राहिले आणि तिघांच्या बहुमतानें तीहि नाकारली. प्रश्न पार्लमेंटकडे सोपविला गेला. जानेवारी २०२५ मध्यें फेरविचाराचे अर्ज फेटाळले गेले. १९५४ च्या कायद्याप्रमाणें विवाहेच्छूंची नोटीस कचेरींत ठळक जागीं लावावी लागते आणि हरकतींसाठीं तीस दिवस वाट पाहावी लागते. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतून त्या जागीं दोन भिन्न धर्मांचीं नांवें शेजारीं शेजारीं लागतात; दोन पुरुषांचीं किंवा दोन स्त्रियांचीं नांवें तेथें लावून घेण्याचा अधिकार त्या निकालानें रजिस्ट्रारास मिळाला नाहीं.